चौदाशे सतराव्या जनुकाची वंशावळ

सन दोन हजार अठरा, ऑगस्ट महिन्याचा दुसरा मंगळवार, सकाळचे साडेआठ. स्थळ युगांडा देशातील कंपाला-एंटेबे रस्त्यावरचे काजान्सी, आणि तेथील टेकडीवरची केळीच्या जनुककोशाची बैठी, कौलारू इमारत. कोशाची तिसरी आवृत्ती शुक्रवारी जगापुढे खुली व्हायची होती, आणि तोवर एकशे चाळीस नोंदी वाचून हातावेगळ्या करायच्या होत्या. म्हणून लांबट टेबलाभोवती सात माणसे बसली होती. आठवी, कोशाची प्रमुख संपादक डॉ. कॉन्स्टन्स नान्तेझा, नेहमीप्रमाणे बसली नव्हती. खिडकीपासून फळ्यापर्यंत आणि फळ्यापासून खिडकीपर्यंत तिच्या येरझाऱ्या चालल्या होत्या. बसून ऐकलेली नोंद अर्धीच ऐकू येते, असे ती म्हणे. खरे कारण एवढेच की, आवृत्तीच्या आठवड्यात तिच्या पायांना स्वस्थता म्हणून ठाऊक नसे.

केळीच्या प्रत्येक पेशीत जी पोथी असते तिची अक्षरे सुमारे पन्नास कोटी. ती अक्षरे ओळीने उतरवून काढणे हे यंत्राचे काम, आणि ते काम केव्हाच झाले होते. परंतु ती पोथी शब्दांत अंतर न सोडता, विरामचिन्हांवाचून लिहिलेली असते. कोणता शब्द कोठे सुरू होतो, कोठे संपतो आणि झाडाच्या संसारात त्याचे काम काय, हे समासात लिहून ठेवणारा कोणी नसेल, तर त्या पोथीचा उपयोग तेवढाच, जेवढा आंधळ्याला आरशाचा. असा एकेक शब्द म्हणजे एक जनुक, समासातली एकेक ओळ म्हणजे एक नोंद, आणि अशा छत्तीस हजार नोंदींचा तो कोश. तो मुक्त होता. कोणत्याही देशातल्या कोणाही माणसाने तो न विचारता उतरवून घ्यावा, आपल्या कोशात मिसळावा, त्यावर आपले संशोधन रचावे. या मुक्तपणासाठी नान्तेझा सहा वर्षे भांडली होती. आणि सर्वांत अधिक भांडली होती ती तिचे गुरू प्रोफेसर वालुगेम्बे यांच्याशी. त्यांचे म्हणणे असे की, मातोके, म्हणजे केळीच्या पानांत शिजणारी कच्ची केळी, पुरते वाफवून होईपर्यंत पानांची पुरचुंडी पाहुण्यांपुढे सोडू नये. निवृत्त होऊनही दर मंगळवारी येऊन, टेबलाच्या टोकाशी डोळे मिटून, ते हेच म्हणणे न बोलता मांडीत असत.

कोशात एक रीत होती, आणि ती नान्तेझाने घालून दिली होती. येथला बागांडा जमातीचा माणूस चारचौघांत बोलायला उभा राहिला की आधी आपला बाप, आजा, घराणे आणि कूळ सांगतो. न सांगेल त्याचे बोलणे कोणी मनावर घेत नाही. त्याचप्रमाणे नोंद मांडणाऱ्याने उभे राहून त्या जनुकाच्या तोंडाने त्याची वंशावळ म्हणायची : हे नाव मला कोणी दिले, कोणत्या आधाराने दिले. आरंभी ही वंशावळ पार मुळापर्यंत म्हटली जाई. नोंदी हजारांवर गेल्या, तशी ती आखूड होत होत बापापाशीच थांबू लागली.

"ऊठ गं बिरुंगी, तुझी पाळी," नान्तेझा चालता चालता म्हणाली. "चौदाशे सतरा. सगळ्यांचं लाडकं लेकरू. मिनिटभरात उरक."

"आत्या, लाडक्या लेकरालाच जास्त विचारावं लागतं," बिरुंगी उठत म्हणाली. ती पश्चिमेकडच्या तोरो प्रांताची, एकतीस वर्षांची, आणि नात्याने नान्तेझाची कोणीही नव्हे. परंतु मुलींना आयुष्याचे धडे देण्याचा मान बागांडांत आत्येचा असतो हे कळल्या दिवसापासून तिने नान्तेझाला दुसरी हाक मारली नव्हती. "माझा भाऊ तुमच्यात मुलगी मागायला आला होता ना, तेव्हा तुमच्या लोकांनी त्याला पणजोबापर्यंत उभा-आडवा विचारला. तीन तास! बिचारा चटईवर बसून घाम पुसत होता. आणि जनुकाला मात्र बापाचं नाव विचारलं की बस खाली? हा कुठला न्याय? मी आज पणजोबापर्यंत जाणार."

"जा बाई, पण जेवायच्या आत परत ये," टेबलाच्या कडेने कोणी तरी म्हणाले, आणि सगळे हसले.

बिरुंगीने छाती पुढे काढली आणि एखाद्या वराच्या मध्यस्थाच्या थाटात म्हणू लागली, "मी चौदाशे सतरावं जनुक. राहणार सहावं गुणसूत्र. काम, मर रोगाला अडवणं. दर्जा, पक्का. माझे साक्षीदार तीन. पहिला, इथिओपियातल्या एन्सेटचा कोश. एन्सेट म्हणजे आपल्या केळीची चुलत बहीण. दुसरा, फिलिपिन्समधल्या अबाकाचा. ती दोराची केळ. तिसरा, चीनमधल्या आल्याचा. ते जरा लांबचं नातं. तिघांच्याही घरी माझ्या जोडीच्या जनुकावर हेच नाव लिहिलंय."

"तीन साक्षीदार, पक्कं. पुढचं घ्या," नान्तेझा म्हणाली.

"थांबा की. एन्सेटवाल्यांनी हे नाव कुणाकडून घेतलं? युरोपातल्या मोठ्या कोशाकडून. अबाकावाल्यांनी? एन्सेटवाल्यांकडून. आल्यावाल्यांनी? परत त्याच मोठ्या कोशाकडून. आता मोठ्या कोशाला कुणी दिलं?" तिने पडद्यावर बोट फिरवले, वाचले, आणि तिच्या आवाजातला मध्यस्थ एकाएकी निघून गेला. "काजान्सी. पहिली आवृत्ती. दोन हजार तेरा."

"म्हणजे?" कोणी तरी विचारले.

"म्हणजे आपण. हे तीन साक्षीदार नाहीत, ही आपलीच तीन नातवंडं आहेत. आजीच्या चारित्र्याची साक्ष द्यायला आली, आणि आपण पाणी देऊन, बसायला घालून, साक्ष लिहून घेतली."

हसू उमटले आणि अर्ध्यावर थांबले. कारण नान्तेझाचे पाय थांबले होते.

"मूळ नोंद वाच," ती म्हणाली.

"'मररोधक, संभाव्य. आधार : भातातल्या जनुकाशी छत्तीस टक्के साम्य. नोंद करणार : सी. एन.'" बिरुंगीने वर पाहिले नाही. सी. एन. कोण हे त्या खोलीत सर्वांना ठाऊक होते.

नान्तेझाला ती नोंद केल्याची संध्याकाळ आठवली नाही. आठवला फक्त तिचा स्वतःचा युक्तिवाद, आणि तोही शब्दशः. हाताशी आहे ते द्यावे. ज्याची खात्री नाही त्यापुढे 'संभाव्य' लिहावे. वाचणारे शहाणे असतात. युक्तिवाद आजही खोटा नव्हता. खोटे ठरले होते ते त्यातले एक गृहीत : की नोंद वाचणारा माणूस असेल. मोठ्या कोशाच्या तक्त्यात 'संभाव्य' या शब्दासाठी रकाना नव्हता, म्हणून तो शब्द वेशीवरच उतरवला गेला आणि उरलेले नाव एकटेच पुढे गेले. पाच वर्षांत ते तीन घरी राहून, तीन वेगळे कपडे घालून, परत आले. आणि तीन साक्षीदार जमले की नोंद आपोआप 'पक्की' होते, हा नियम कोणाचा? तोही तिचाच. साक्षीदार मोजावेत, पण ते एकाच चुलीवर जेवलेले आहेत काय हे विचारू नये, असा नियम करणाऱ्याला न्यायाधीश म्हणत नाहीत.

प्रोफेसर वालुगेम्बे यांनी डोळे उघडले. आता ते म्हणतील, 'मी तेव्हाच सांगितले होते, रिकामी जागा ही लाज नव्हे', या अपेक्षेने ती त्यांच्याकडे वळली. ते तसे म्हणाले नाहीत.

"शुक्रवारी बदलून टाक," ते हळू म्हणाले. "'मररोधक, पक्के' काढ, 'अज्ञात' लिही. दर आवृत्तीत हजार नोंदी बदलतात. कोण बघतंय? कोशाचं नाव राहील, तुझंही राहील. पुढचं जनुक घ्या."

कोणी पुढचे जनुक घेतले नाही, कारण नान्तेझा आपला फोन काढून त्याकडे पाहात होती. सकाळी सात वाजता मित्यानाच्या प्रयोगक्षेत्रावरून, केळीचे संकर करणाऱ्या डॉ. सेरुंकुमाने एक छायाचित्र पाठवले होते : रोपांच्या रांगा, कुदळी घेतलेल्या बायका, आणि खाली एक ओळ, 'आजपासून नको त्या रोपांची उपटणी. तुझ्या जनुकाच्या कृपेने.' उत्तरादाखल तिने वर केलेला अंगठा पाठवला होता.

केळीचा संकर करणे म्हणजे काय हे त्या टेबलाभोवती कोणाला सांगावे लागत नव्हते. पहाटे शिडीवर चढून फुलाला हाताने पराग लावायचा. घड पिकेपर्यंत थांबायचे. साऱ्या घडातून एखादे बी निघाले तर निघाले. त्यातला गर्भ बाटलीत वाढवायचा. सेरुंकुमाने पाच वर्षांत अशी सहाशे बारा रोपे उभी केली होती. पुरी वाढू द्यायला जागा होती दोनशे रोपांनाच. म्हणून त्याने प्रत्येकाचे पान तपासून घेतले होते : चौदाशे सतराव्या जनुकाची खूण आहे ते ठेवायचे, नाही ते उपटायचे.

तिने फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला.

"तो फोन कचेरीत ठेवून बागेत जातो," बिरुंगी म्हणाली.

"माहीत आहे," नान्तेझा म्हणाली, आणि गाडीची किल्ली घेऊन बाहेर पडली. बिरुंगी तिच्या मागून धावली.

बुसेगाच्या चौकात गाड्या तुंबल्या होत्या. नान्तेझा चाकावर बोटे वाजवीत होती, पुढच्या टॅक्सीला शिव्या घालीत होती, आरशात पाहून न पाहिल्यासारखे करीत होती. बिरुंगीने अकराव्यांदा फोन लावला आणि ठेवला.

"आत्या, एक विचारू? रागावू नका."

"विचार."

"खूण जर निरर्थक असेल, तर त्या खुणेने रोपं निवडली काय आणि नाणं उडवून निवडली काय, एकच ना? दोनशे तर ठेवायचीच होती. जी राहतील ती काही वाईट नसतील. मग आपण पळतोय कशाला?"

"मीही इथपर्यंत हेच घोकत आले," नान्तेझा म्हणाली. "हिशेब बरोबर आहे तुझा. चूक पुढे आहे. नाणं उडवून निवडलेल्या रोपावर कुणी विश्वास ठेवतं का? नाही. त्याची परीक्षा घेतात, त्याला रोग टोचून बघतात. आणि 'पक्कं' लिहिलेल्या रोपाची?"

बिरुंगीने बाराव्यांदा फोन लावला.

"सेरुंकुमा परीक्षा घेणार नाहीये. त्याने मला जूनमध्ये सांगितलं, आणि मी म्हटलं, छान, वेळ वाचेल. मार्चमध्ये तो चाळीस घरांना त्या रोपांचे मुनवे, बुडाशी फुटणारी पिलं, वाटणार आहे. ज्यांच्या बागा मर रोगाने गेल्यात त्यांनाच. ते ढाल समजून लावतील. आणि मर आली की आपल्या सुऱ्याने ती शेजारच्या बागेतही नेतील, कारण ढाल असताना सुरा जाळावर धरून कोण पुसतं?"

पुढची टॅक्सी हलली. नान्तेझाने डाव्या बाजूने, मातीवरून, गाडी काढली. भाड्याच्या मोटारसायकलवरचा एक बोडावाला ओरडला, "बाई, नवऱ्याला पकडायला निघालात काय?"

"त्याहून वाईट!" बिरुंगी खिडकीतून ओरडली.

दलदलीतल्या उंच लव्हाळ्यांमधून जाणारा रस्ता, मग चढण, मग चहाचे मळे. वाटेत भाजक्या केळ्यांच्या काड्या घेऊन बायका खिडकीशी आल्या. नान्तेझाने काच खाली केली नाही. तिच्या मनात दोन वाक्ये आलटून पालटून येत होती. पहिले : तो थांबला असेल. दुसरे : तो कधी थांबला आहे? मित्यानाला पोचेतो साडेअकरा झाले.

प्रयोगक्षेत्राच्या फाटकाशी पाय बुडवायला औषधी पाण्याचे घमेले होते. तिने बूट बुडवले आणि रांगांकडे धावत गेली. खालच्या पट्ट्यात नुसते खड्डे होते. बायका उपटलेली रोपे उचलून नेत होत्या, आणि पलीकडच्या चरावर दोघे जण लांब कोयत्यांनी त्यांचे तुकडे करीत होते. जमिनीतून नुकत्या निघालेल्या कंदांचा ओला, तुरट वास सगळीकडे भरला होता.

"किती झाली?" तिने पहिल्या भेटलेल्या बाईला विचारले.

त्या बाईने आधी तिच्याकडे नीट पाहिले. साठी उलटलेली, डोक्याला निळे फडके, हातात घडाला टेकू द्यायचे फांदीचे दुबेळके. जुळ्यांची आई म्हणून सारे तिला नालोंगो म्हणत. तिचे जन्मनाव पगारपत्रकाखेरीज कोठे उरले नव्हते. शिडीवर चढून पराग लावणाऱ्या बायकांची ती मुकादम, आणि प्रत्येक रोपाची आई कोणती हे वहीवाचून सांगणारी. नान्तेझाला भान आले. ती ओल्या मातीत गुडघे टेकून बसली आणि तिने रीतीप्रमाणे क्षेमकुशल विचारले.

"ऊठ मुली, कपडे भरतील," नालोंगो म्हणाली. "एवढी धापा टाकत आलीस म्हणजे कुणी तरी मेलंय. कोण?"

"अजून कुणी नाही. किती उपटली, नालोंगो?"

"एकशे सत्तर. सगळी कापून झाली. डॉक्टर वर आहेत, पुढच्या रांगेतल्या उपटायच्या रोपांवर चुना मारतायत."

सेरुंकुमा वळला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर आनंद होता. दोघे माकेरेरे विद्यापीठात एका बाकावर शिकलेले. "कॉनी! तू स्वतः आलीस? बघ, तुझ्या एका ओळीने माझी वर्षं वाचली!"

"थांबव," ती म्हणाली. "सगळ्यांना थांबव. मग मला ऐक."

तिच्या आवाजाने तो थांबला. त्याने हात वर केला. चरावरचे कोयते थांबले. आणि नान्तेझाने, बांधावर उभे राहून, बायका ऐकत असताना, चौदाशे सतराव्या जनुकाची वंशावळ म्हटली : तीन साक्षीदार, त्यांचा एकच बाप, त्या बापाचा बाप काजान्सी, आणि काजान्सीत छत्तीस टक्के साम्यावर ते नाव लिहिणारी कॉन्स्टन्स नान्तेझा. पुढे कोणी नाही. कोणत्याही झाडाला रोग टोचून कोणी ते पाहिलेले नाही.

सेरुंकुमाने चुन्याचा डबा उचलून घेतला.

"तुझ्या कोशात 'पक्कं' लिहिलंय," तो म्हणाला. "मी कोश वाचतो, कॉनी. मनं वाचत नाही."

"हो."

"मी तीनदा तपासलं. एन्सेटमध्ये बघितलं, अबाकात बघितलं. सगळीकडे तेच."

"सगळीकडे मीच."

"आणि हे तुला आज कळलं? सकाळी अंगठा पाठवलास तेव्हा काय करत होतीस?"

"चहा पीत होते," ती म्हणाली. कारण ते खरे होते.

त्याने डबा खाली आपटला. चुना उडून त्याच्या विजारीवर बसला. "एकशे सत्तर! एकेकाच्या मागे किती घड गेलेत ठाऊक आहे? ह्या बायका पहाटे पाचला शिडीवर असतात, पावसात, वाऱ्यात. तू टेबलाशी बसून एक शब्द टाकलास!"

"आत्या बसत नाहीत," बिरुंगी अभावितपणे म्हणाली, आणि दोघांच्या नजरेने एक पाऊल मागे सरली.

तो दोन रांगा दूर चालत गेला आणि परत आला. परत येताना त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, विचार होता. आणि नान्तेझाला त्या विचाराची रागाहून अधिक भीती वाटली.

"ऐक," तो खालच्या आवाजात म्हणाला. "उरलेली चारशे बेचाळीस मी ठेवतो. दाटीने लावतो, कसंही. प्रत्येकाचे मुनवे वाढवतो, टोचतो, बघतो. दीड वर्ष जाईल. पण तू शुक्रवारी नुसतं 'अज्ञात' लिही. मी इथे सांगतो की पावसाने रोपं मागे पडली. तुझी लाज राहील, माझीही राहील. एकशे सत्तरांचं काय, ती आपण दोघं मनात ठेवू."

हेच प्रोफेसरांनी सांगितले होते. दोन शहाणी माणसे, एक म्हातारा आणि एक मित्र, एकमेकांशी न बोलता एकाच सल्ल्यावर आली होती. आणि नान्तेझाला तो सल्ला, खरे सांगायचे तर, एखाद्या सावलीसारखा गार वाटला. पाच वर्षे जिच्या नावाने तिला सभांतून पुढच्या रांगेत बसवले, ती ओळ एका रात्रीत मावळून जाईल आणि कोणी विचारणार नाही. ती दोन पावले त्या सावलीत गेलीसुद्धा. मग तिचे पाय पुन्हा चालू लागले, बांधावरून पुढे, बांधावरून मागे.

"नाही चालणार," ती म्हणाली.

"का? अहंकार?"

"अरे, अहंकार असता तर गप्पच बसले असते. हिशेब कर. मी जागा रिकामी सोडली, तर इथिओपियातलं नाव पुसलं जातं का? फिलिपिन्समधलं? चीनमधलं? ती तिघं आहेत तिथेच राहणार. पुढच्या आवृत्तीला आमचं यंत्र रिकामी जागा बघणार, शेजारी विचारणार, आणि तीच तीन नातवंडं परत येणार साक्ष द्यायला. दोन वर्षांत ते जनुक परत 'पक्कं'. तेव्हा मी नसेन, तू नसशील, पण रोपं उपटणारा कुणी तरी असेल. रिकामी जागा भरून निघते, सेरुंकुमा. खोटं ठरलेलं खोटं म्हणून लिहून ठेवलं, तरच ते परत येत नाही."

"मग लिही की खोटं ठरलं म्हणून. नाव कशाला घालतेस?"

"कारण कुणाचं खोटं हे लिहिलं नाही, तर इथिओपियावाले म्हणतील, आमचा आधार वेगळा आहे. त्यांना आधार आम्हीच दिलाय हे दिसायला हवं. नावानिशी, तारखेनिशी."

सेरुंकुमाने चुन्याची कुंचली डब्यात टाकली.

"अकीकी, लिहून घे," नान्तेझा म्हणाली. बिरुंगीला, तोरोत प्रत्येकाला मिळणाऱ्या लाडक्या नावाने, ती क्वचितच हाक मारी. बिरुंगीने फोन काढला. नान्तेझा चालत राहिली आणि सांगत राहिली. बिरुंगी तिच्याबरोबर चिखलातून बाजूने चालत टिपत राहिली.

"'जनुक चौदाशे सतरा. मररोधक हे नाव मागे घेतले आहे. हे नाव सन दोन हजार तेरामध्ये कॉन्स्टन्स नान्तेझा हिने केवळ छत्तीस टक्के साम्यावरून दिले. प्रत्यक्ष झाडावर त्याची परीक्षा कधीही झालेली नाही. एन्सेट, अबाका व आले यांच्या कोशांतील हेच नाव मोठ्या कोशामार्फत आमच्याच नोंदीवरून उतरलेले असून, ते स्वतंत्र आधार म्हणून धरले, ही आमची चूक. त्यांनीही ते काढावे. या नावावर विसंबून मित्याना येथे एकशे सत्तर रोपे नष्ट करण्यात आली.'"

"शेवटचं वाक्य कोशात बसतं का, आत्या? तिथे झाडांची मरणं लिहीत नाहीत."

"बसव. आणि शुक्रवारची वाट बघू नकोस. आत्ता चढव. तिन्ही कोशांना आणि युरोपातल्या मोठ्या कोशाला पत्रं धाड. आणि तीन साक्षीदारांचा नियम बंद कर. ज्याची वंशावळ मुळापर्यंत सांगता येत नाही तो साक्षीदार नाही."

"प्रोफेसर सर रागावतील."

"त्यांना मी सांगते." तिने तेथूनच फोन लावला. आपण काय लिहिले ते सांगितले. मग प्रोफेसर वालुगेम्बे एवढेच म्हणाले, "नाव घातलंस?" ती हो म्हणाली. "मग मी संध्याकाळपर्यंत इथे बसतो," ते म्हणाले. "पत्रांची उत्तरं येतील. कुणी तरी मोठ्या वयाचं हवं." आणि त्यांनी फोन ठेवला.

बिरुंगी कचेरीकडे पळाली; बागेत इंटरनेट नीट मिळत नव्हते. सेरुंकुमाने चुन्याच्या खुणा पायाने पुसायला सुरुवात केली, एकेका रोपापाशी जाऊन, कोणाचीही मदत न घेता. नान्तेझा दुसऱ्या बाजूने तेच करू लागली. ती त्याच्यापेक्षा भरभर करीत होती, आणि तिला थांबवणारे कोणी नव्हते.

बायका चराच्या काठावर जमल्या होत्या. त्यांतल्या निम्म्यांची नावे मार्चच्या यादीत होती. नालोंगोचे नाव पहिले होते. तिच्या बागेतल्या साठ बुंध्यांपैकी तीन उरले होते, आणि बाकीची जमीन तिने पावसाळ्याआधीच खणून मोकळी ठेवली होती. ती आपले दुबेळके जमिनीवर टेकून दोघांकडे पाहात उभी राहिली.

"डॉक्टर," तिने हाक मारली. "ही मुलगी म्हणाली ते मला समजलं. माझं एवढंच आहे. परीक्षा घ्यावी लागेल?"

सेरुंकुमा खाली वाकलेला होता. तो तसाच राहिला. "हो, नालोंगो."

"आणि घेतली नाही तर रोप मरेल की जगेल, हे तुम्हाला सांगता येत नाही."

"नाही."

"तिलाही नाही."

"मलाही नाही," नान्तेझा म्हणाली.

नालोंगोने मान हलवली. ती बायकांकडे वळली, आणि जितक्या आवाजात ती पहाटे शिड्यांवरून कामे वाटी, तितक्याच आवाजात म्हणाली, "मार्चमध्ये रोपं नाहीत. ज्यांनी जमीन मोकळी ठेवलीय त्यांनी रताळी लावा."